मास्तरांचं कोरडं वजन

नवऱ्याची पॅंट हातात धरून मी डायलिसिस सेंटरचे चार जिने पळत चढले, ही गोष्ट आमच्या शिफ्टमध्ये अजूनही तिखटमीठ लावून सांगितली जाते. सांगू देत. त्या दिवशी मी लाजत बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

माझा नवरा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, चारचौघांत मीही मास्तरच म्हणते. दुकान आमचं दोघांचं. बेतणं, कापणं आणि मशीन त्यांच्याकडे; काजं, बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. सात वर्षं झाली, त्यांच्या दोन्ही किडन्या बंद आहेत. आठवड्यातून तीनदा, सकाळच्या शिफ्टला, चार तास मशीनला लागून रक्त धुऊन घ्यायचं. लघवी होत नाही, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठतं आणि मशीनलाच ते काढावं लागतं. किती काढायचं, हे एका आकड्यावर ठरतं. जादा पाणी सगळं निघून गेल्यावर माणसाचं जे वजन उरतं, ते त्याचं कोरडं वजन. मास्तरांचं कोरडं वजन होतं बासष्ट किलो.

या बासष्टचा मला केवढा तोरा होता! शेजारच्या खुर्चीवरचे बसड्रायव्हर काका वर्षभरात वाळून काटकी झाले, पलीकडच्या गणिताच्या बाईंचे ब्लाउज मी स्वतः दोनदा आत घेतले. आमचे मास्तर मात्र मशीनवरून उतरले की काट्यावर बासष्टच. मागच्या वर्षी न्यूमोनियाने तीन आठवडे अंथरुणाला खिळले होते, अन्नाचा कण गिळवत नव्हता, तरी बासष्ट. "माझ्या हातचं जेवण आहे, उगीच नाही," असं मी शिफ्टभर सांगत सुटायचे आणि माझ्याच अंगावर मूठभर मांस चढायचं.

एकच गोष्ट हाताबाहेर होती. त्यांचं बीपी. वरचा आकडा कायम एकशे ऐंशीच्या पुढे. कधी एकशे ब्याण्णव, कधी दोनशेला टेकलेला. गोळ्या दोनाच्या तीन झाल्या, तीनाच्या पाच झाल्या, आकडा काही केल्या खाली येईना. डोकं ठणकायचं, सुईत दोरा ओवताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, पण आम्ही दोघांनीही ते नशिबाच्या खात्यात टाकून दिलं होतं.

आणि अशात लेकीचा फोन आला.

आमची लेक नाटकवाल्यांचे कपडे शिवते. बापाच्या मांडीवर बसून खडूने रेघा मारायला शिकली आणि बापाच्याच विरोधात जाऊन धंद्यात पडली. "मान मोडेल, डोळे जातील, दुसरं काहीही कर," असं मास्तर तिला कानीकपाळी ओरडून सांगत होते. ती दूर बंदराच्या गावी निघून गेली. आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली टाके घातले आणि आता पहिल्यांदाच एका मोठ्या नाटकाचे सगळेच्या सगळे कपडे तिच्या एकटीच्या हातचे होते. बेचाळीस पोशाख! दहा आठवड्यांनी पहिला प्रयोग.

"आई, बाबांना घेऊन ये," ती म्हणाली. एवढंच. आणि फोन ठेवून दिला, कारण तिला रडू येत होतं आणि मला ते कळलेलं तिला नको होतं.

तिचं गाव बसने अकरा तासांवर. जाणं, राहणं, परत येणं हे दोन डायलिसिसच्या मध्ये मावणारं नव्हतं. तिथल्या सेंटरमध्ये बाहेरून आलेल्यांसाठी एक खुर्ची राखून ठेवलेली असते. मी अर्ज मागवला. अर्जाच्या तळाशी अट होती: डायलिसिस सुरू करण्याआधीचं बीपी, मागच्या सलग सहा वेळा, वरचा आकडा एकशे साठच्या आत. आपल्याच सेंटरच्या सिस्टरची सही हवी. परक्या माणसाला दोनशे बीपीवर मशीनला लावून धोका कोण पत्करेल? मला पटलं, पण रागही आला.

मास्तरांनी अर्ज वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाले, "तू जा. डोळे भरून बघ आणि मला येऊन सांग."

"मी काय बातमीदार आहे?" मी म्हणाले. "तुम्ही येणार."

"एकशे नव्वदवर?"

"येणार म्हणजे येणार!"

तोंडाने बोलले खरी, पण आशा धरायची कशाची? सेंटरच्या डॉक्टर बाईंनी सहावी गोळी सुरू करू म्हणून सांगितलं होतं, आणि पाच गोळ्यांनी जे साधलं नाही ते सहावी काय साधणार होती!

तरी मी तयारीला लागले. उतावळा नवरा म्हणतात, इथे बायको उतावळी. कपाटातून त्यांची ठेवणीतली राखी पॅंट काढली, इस्त्री करायला उलटी केली आणि थबकले. मागच्या शिवणीत माया चांगली तीन बोटं जमली होती. शिंपी शिवणीच्या आत जादा कापड ठेवतो ना, ती माया. आणि तिच्यावर जुन्या सुयांच्या भोकांच्या दोन ओळी. म्हणजे ही पॅंट एकदा नव्हे, दोनदा आत घेतलेली होती. मी दुसरी काढली. तीही तशीच. तिसरीसुद्धा.

मास्तर शिलाई मशीनवर होते. मी पॅंट त्यांच्या नाकासमोर धरली. "हे काय?"

"कापड सैल पडतं," ते मान वर न करता म्हणाले.

"अहो, चाळीस वर्षं शिलाई करताय, मला शेंडी लावू नका! अडीच इंच कापड सैल पडतं?"

त्यांनी पायडलवरचा पाय काढला. मशीन थांबलं. "न्यूमोनियानंतर कंबर ढिली व्हायला लागली," ते हळूच म्हणाले. "मांड्याही. तू काट्याकडे बघून एवढी खूश व्हायचीस. म्हटलं, कशाला विरजण घाला? दुपारी तू बाजारात गेलीस की घ्यायचो आत."

वर्षभर एका खोलीत, एका मशीनशी बसून या माणसाने मला ताकास तूर लागू दिली नव्हती. मी भांडायला तोंड उघडलं आणि मनात हिशेब सुरू झाला. कंबर अडीच इंच कमी झाली. मांड्या बारीक झाल्या. मग वजन बासष्टच कसं? गेलेल्याच्या जागी काय आलं? माझी नजर त्यांच्या पायांवर गेली. मोजे काढले होते आणि घोट्याच्या वर मोज्याचं रबर जिथे होतं तिथे खोल वळ उठला होता. मी अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पॅंट हातात. चपला वेगवेगळ्या जोडांतल्या. सेंटरची लिफ्ट भरलेली, म्हणून जिने. डॉक्टर बाई दुपारची फेरी संपवून हात धूत होत्या.

"डॉक्टर, ही पॅंट बघा!"

सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हिला आधी खुर्चीत बसवावं. पण डॉक्टर बाईंनी हात पुसले आणि खरंच पॅंट पाहिली. मी शिवण उलटी करून भोकं दाखवली, केव्हा किती आत घेतलं ते सांगितलं. त्यांचा चेहरा बदलत गेला. फाइल मागवली. बासष्ट, बासष्ट, बासष्ट, मागच्या वर्षीपासून एकाखाली एक.

"काट्याला मांस आणि पाणी यातला फरक कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "आजारपणात मांस झडलं. त्याच्या जागी पाणी आलं. काटा जागचा हलला नाही आणि आपण समजलो, सगळं ठीक. हे माणूस तीन-चार किलो पाणी अंगावर घेऊन हिंडतंय. ते पाणी हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर दाब देतंय. गोळ्या त्याच्याशी किती झुंजणार?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "चूक आमची. आजारपणानंतर हे वजन नव्याने ठरवायला हवं होतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! औषधांची दुकानं पालथी घातली आणि उत्तर आमच्याच कपाटात घडी घालून ठेवलेलं. मला तिथेच उड्या माराव्याशा वाटल्या. आणि रडावंसंही वाटलं, कारण माझा तो बासष्टचा तोरा म्हणजे नुसतं पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंनी मास्तरांच्या छातीची सोनोग्राफी केली, फुफ्फुसातलं पाणी त्यांना स्वतःलाच पडद्यावर दाखवलं. सहावी गोळी रद्द झाली. दर खेपेला लक्ष्य दोनशे ग्रॅमने खाली आणायचं. घाई केली तर पायात गोळे येतात, बीपी एकदम कोसळतं, म्हणून चार तासांऐवजी साडेचार. आणि मीठ कमी. "मीठ खाल्लं की तहान लागते, तहान लागली की पाणी, पाणी आलं की दाब," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पाण्याशी भांडू नका, मिठाशी भांडा."

भांडायचं म्हटल्यावर मला दुसरं काय हवं! घरातली मिठाची बरणी शेजारणीकडे नेऊन ठेवली. भाजीत लिंबू, मिरी, लसूण, काय वाट्टेल ते, मीठ चिमटीभर. मास्तर पहिला घास घेऊन म्हणाले, "हे कुठल्या गुन्ह्याबद्दल?" पण जेवले. आठवड्याने मी मोठ्या बटणांचा डबा उघडला तर तळाशी खारे शेंगदाणे! चोर पकडल्यावर म्हणतो काय, "ते बटणांना चमक यावी म्हणून." मी डबा रस्त्यावरच्या खारींपुढे रिकामा केला.

आता तुम्हाला वाटेल, वजन उतरलं आणि बीपी उतरलं. छे! वजन उतरत होतं, एकसष्ट आठशे, एकसष्ट सहाशे, एकसष्ट चारशे, आणि बीपी एकशे अठ्ठ्याऐंशी. तीन आठवडे झाले, साठ दोनशे, आणि बीपी एकशे सत्त्याऐंशी. शेवटच्या अर्ध्या तासात पोटऱ्यांत असे गोळे यायचे की ते खुर्चीचा हात चावायचे बाकी ठेवत. मी पाय दाबायची आणि मनात डॉक्टर बाईंना शिव्या घालायची.

"पाणी आज निघतं, दाब महिन्याने उतरतो," डॉक्टर बाई सांगत होत्या. "रक्तवाहिन्यांना सवय व्हायला वेळ लागतो. आत्ता सोडू नका."

एकदा मास्तर जिना उतरताना मध्येच बसले. "पुरे," ते म्हणाले. "मला नाही झेपत. ती समजून घेईल."

"ती समजून घेईल," मी म्हणाले. "मी नाही घेणार. उठा."

ते उठले. रात्री मात्र मी अंथरुणात पडल्या पडल्या देवाला म्हटलं, मी या माणसाचा छळ करत असेन तर मला आत्ताच सांग. देव काही बोलला नाही, मग मी झोपले.

आणि पाचव्या आठवड्यात, सोमवारी, दंडावरचा बीपीचा पट्टा सुटला आणि आकडा आला एकशे बाहत्तर. बुधवारी एकशे चौसष्ट. शुक्रवारी मास्तर सकाळी उठले आणि भोवळ येऊन पलंगावर बसले. बीपी एकशे आठ! डॉक्टर बाईंना कळवलं तर त्या फोनवर हसल्याच. "छान! आता गोळ्या जास्त होतायत." लगेच एक गोळी बंद, चार दिवसांनी दुसरी. पाचावरून तीनावर! मी रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकली तेव्हा मला पेढे वाटावेसे वाटले.

मग मोजणी सुरू झाली. एकशे छपन्न: एक. एकशे बावन्न: दोन. एकशे अठ्ठावन्न: तीन, अगदी काठावर. शिफ्टमधल्या सगळ्यांना वेड लागलं होतं. गणिताच्या बाई फळ्यासारखी वही घेऊन बसायच्या. आम्ही आल्या आल्या ड्रायव्हर काका "आज किती?" म्हणून खिडकीच्या खुर्चीवरून ओरडायचे. आणि चौथ्या खेपेला एकशे चौसष्ट. आदल्या दिवशी मास्तरांनी उकाड्याने दोन बाटल्या पाणी जास्त ढोसलं होतं. सलग म्हणजे सलग. पुन्हा शून्यापासून. गणिताच्या बाईंनी दिवस मोजले आणि वही मिटली. "बरोबर सहाच खेपा उरल्यात," त्या म्हणाल्या. "एकही चुकली तर नाही."

त्या दोन आठवड्यांत मास्तरांनी चमच्याने पाणी प्यायलं. मी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. एकशे पन्नास. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे त्रेपन्न. एकशे चव्वेचाळीस! एकशे एकावन्न.

सहावी खेप शुक्रवारी. शनिवारी सकाळची बस, गुरुवारी प्रयोग. त्या दिवशी नेमकी लिफ्ट बंद पडली होती. मास्तर चार जिने चढले, मी मागून ढकलत होते आणि दोघंही बडबडत होतो, कारण गप्प बसलो असतो तर भीती वाटली असती. खुर्चीत टेकले नाहीत तोच मशीनवाल्याने, म्हणजे डायलिसिसचं मशीन लावणाऱ्या पोराने, उत्साहाने उजव्या दंडाला पट्टा गुंडाळला. डाव्या हातात फिस्टुला आहे, सुया टोचायला मुद्दाम जोडून केलेली शीर, तिथे पट्टा लावत नाहीत. यंत्र गुरगुरलं.

एकशे एकाहत्तर.

मास्तरांनी डोळे मिटले. मला मात्र राहवलं नाही. मोठ्या सिस्टरांचा हात धरून मी म्हणाले, "सिस्टर, एकशे एकावन्न लिहा हो. वीसचाच तर फरक आहे. कोण बघतंय?"

"मी बघतेय," त्या म्हणाल्या. "खोटं लिहिलं आणि तिकडे यांना झटका आला तर तुम्ही मला माफ कराल?" मग मशीनवाल्याकडे वळल्या. "आणि तुला कुणी सांगितलं चार जिने चढून आलेल्या माणसाचं बीपी लगेच घ्यायला? आपला नियम काय? पाच मिनिटं बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, तोंड बंद. हा आकडा मी धरतच नाही. मास्तर, बसा. आणि वहिनी, तुम्ही दोन पावलं मागे."

त्यांनी घड्याळ लावलं. पाच मिनिटं.

आमची शिफ्ट म्हणजे मासळीबाजार. ड्रायव्हर काका तर भूल दिली तरी बोलतील. पण त्या दिवशी काकांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. गणिताच्या बाईंनी टीव्ही बंद केला. मशीनवाला भिंतीला चिकटून उभा राहिला. मशीनची घरघर आणि घड्याळाची टिकटिक, बस्स. मी मास्तरांच्या छातीकडे बघत होते. आधी भरभर, मग सावकाश, मग अगदी दुपारी कामातून उठून लवंडतात तशी वर-खाली. मला त्या पाच मिनिटांत वाटलं, प्रयोग गेला खड्ड्यात, हा माणूस असाच श्वास घेत राहू दे.

सिस्टरांनी स्वतः पट्टा बांधला. स्वतः बटण दाबलं. आकडा चढला, थांबला, उतरत आला.

एकशे सेहेचाळीस.

काय तो गोंगाट झाला! ड्रायव्हर काकांनी पाच मिनिटांची सगळी भरपाई केली. कुणाच्या तरी मशीनचा गजर वाजायला लागला, कारण ते हात हलवून टाळ्या वाजवत होते. मोठ्या सिस्टर "हात, हात, सुया निघतील!" म्हणून ओरडत सुटल्या आणि ओरडता ओरडताच त्यांनी अर्जावर सही केली. मी मास्तरांच्या गळ्यात पडले. लग्नाला चौतीस वर्षं झाली, चारचौघांत असं कधी केलं नव्हतं.

मास्तर मशीनला लागल्यावर मी लेकीला फोन लावला, स्पीकरवर. "येतोय," मी म्हणाले. "उद्याच्या बसने. बाबा येतायत."

पलीकडे चाललेलं शिलाई मशीन खाडकन थांबलं.

"आई," ती म्हणाली. "एक्केचाळीस पोशाख झालेत. राजाच्या लांब कोटाची कॉलर मी लावलीच नाही. मखमल आहे, उभी कॉलर. ती बाबांसारखी कुणाला बसवता येत नाही. बाबांसाठी ठेवलीय."

"वेडी का तू?" मी ओरडले. "सहा दिवसांवर प्रयोग आला! आणि बाबा आले नसते तर?"

"तर राजा बिनकॉलरचा उभा राहिला असता," ती म्हणाली. "मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता."

ज्या बापाने हिला या धंद्यापासून हाकलायला आकाशपाताळ एक केलं होतं, त्याच्यासाठी पोरीने राजाचा गळा मोकळा ठेवला होता. मास्तरांनी सगळं ऐकलं होतं. एका हातात सुया टोचलेल्या, दुसरा हात त्यांनी फोनसाठी पुढे केला. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"अस्तर कुठलं लावलंयस?" त्यांनी विचारलं. "आणि मखमल उलटी कापली नाहीस ना, बेटा?"